सब्लिमेशन छपाई: प्रिंटर शेवटी घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी करता येणाऱ्या सब्लिमेशन छपाईवरचा, म्हणजे खास शाईने कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने कापडात उतरवण्याच्या कलेवरचा लेख वाचला. वृत्तपत्राने या कलेची दखल घेतली याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच पत्र लांबतंय हे दिसत असूनही लिहिते आहे. लेखात प्रिंटर कोणता घ्यावा यावर भरपूर मजकूर आहे. कापडाबद्दल मात्र एकच ओळ आहे आणि तीही कोणताही पांढरा टी-शर्ट चालतो, अशा अर्थाची. हीट प्रेस (तापल्या पत्र्याखाली कापड दाबणारं यंत्र) नसेल तर घरातली इस्त्री किंवा ओव्हन वापरून बघा, असंही त्यात सुचवलं आहे. या दोन सल्ल्यांपायी नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं सामान वाया जाईल, उमेदही जाईल, आणि ओव्हनच्या सल्ल्यात तर तब्येतीचाही प्रश्न आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी आपला रंग जुळला की नाही ते बघायचं, मग तो धुऊन, घासून, उजेडात ठेवून, तापल्या पत्र्याखाली दाबून किती टिकतो ते तपासायचं. निवृत्तीनंतर भाचीच्या आग्रहाने घरात हीट प्रेस आला आणि तेव्हापासून आम्ही दोघी टी-शर्ट, उशांचे अभ्रे, मग, पत्र्याच्या पाट्या असं बरंच काही छापतो. ओळखीतल्या बायका, कॉलेजातली मुलं, एक-दोन निवृत्त गृहस्थ शिकायला येऊन बसतात. त्यातले बहुतेक जण आधी प्रिंटर घेऊन बसलेले असतात आणि मग विचारतात, आता यावर छापू काय? माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. आधी कापड ओळखायला शिका, मग ताप आणि वेळ हातात येऊ द्या, आणि प्रिंटर शेवटी घ्या.

हे पटायला या छपाईत नेमकं काय घडतं ते माहीत असावं लागतं. सब्लिमेशनच्या शाईत डिस्पर्स जातीचे रंग असतात. १९२० च्या दशकात ॲसिटेट रेयॉन हा कृत्रिम धागा रंगवता येईना म्हणून हे रंग शोधले गेले. पुढे १९४१ मध्ये इंग्लंडात विनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला आणि त्यालाही हेच रंग लागू पडले. हे रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, अगदी बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतात. कारखान्यात आम्ही पॉलिएस्टर रंगवायचो ते दाबाखाली १३० अंश सेल्सिअसला, किंवा कापडाला रंग लावून, वाळवून, ते २०० अंशांच्या आसपासच्या गरम हवेतून मिनिटभर नेऊन. ही दुसरी पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला हीट प्रेसमध्ये काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सब्लिमेशन फास्टनेस नावाची एक चाचणी असे. रंगवलेला तुकडा पांढऱ्या तुकड्याला लावून १५०, १८० किंवा २१० अंशांवर ३० सेकंद दाबायचा. पांढऱ्यावर डाग उमटला की रंग नापास. तापल्यावर वायू होऊन शेजारच्या कापडात शिरणारा रंग आम्हाला नको असायचा, कारण शिवलेल्या कपड्यावर गरम इस्त्री फिरली की तो पसरणार. अशा रंगांना आम्ही लो एनर्जी म्हणत असू आणि अंगावरच्या कपड्यांसाठी शक्यतो टाळत असू. सब्लिमेशनच्या शाईत नेमके हेच लवकर उडणारे रंग निवडून घातलेले असतात. कारखान्यात ज्या गुणापायी रंग बाद व्हायचा, त्याच गुणावर ही घरची कला चालते. फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी १९५७ च्या सुमारास हे हेरलं आणि कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरवण्याची पद्धत त्यातून पुढे आली. १९७० च्या दशकात पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडावर ती जोरात चालली. घरी टेबलावर ठेवायच्या प्रिंटरने ती आता सगळ्यांच्या आवाक्यात आणली आहे.

आता कापडाकडे वळते. पॉलिएस्टर साधारण ७०-८० अंशांच्या पुढे आतून सैल होऊ लागतं. १९०-२०० अंशांपर्यंत नेलं की कागदावरचा रंग वायू होतो, सैल झालेल्या धाग्याच्या आत शिरतो, आणि कापड थंड झालं की आतच अडकून बसतो. म्हणून चांगल्या सब्लिमेशनवर बोट फिरवलं तर छापा हाताला लागत नाही. कापड ताणलं तरी तडे जात नाहीत, धुतलं तरी पापुद्रे निघत नाहीत. वर थर बसलेलाच नसतो तर सुटणार काय? कापसाच्या धाग्यात या रंगाला अशी जागा नाही. तो वर वर चिकटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

भाचीच्या एका मैत्रिणीने शंभर टक्के कॉटनच्या सुंदर जाड टी-शर्टवर आपल्या मुलाचं चित्र छापून आणलं होतं. प्रेसमधून काढलं तेव्हाच ते जरा मळकट दिसत होतं, पण तिला वाटलं की कॉटनवर असंच दिसत असेल. पहिल्याच धुण्यात चेहरा गेला. डोळ्यांच्या जागी दोन करड्या छाया तेवढ्या उरल्या. तिने शाई बदलली, मग कागद बदलला, प्रेसचा ताप वाढवून कापड पिवळं पाडलं. एकाही माणसाने तिला कापडाचं लेबल वाचायला सांगितलं नव्हतं, आणि आपला लेख वाचूनही तिला ते कळलं नसतं. माझी तळमळ आहे ती यासाठी.

लेबल नसेल किंवा त्यावर भरवसा नसेल तर एक साधी कसोटी घरी करता येते. आतल्या शिवणीतून चार-दोन धागे ओढून काढा, त्यांचा पीळ करून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर, खिडकीशी उभं राहून टोकाला आच दाखवा. कॉटन असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो, आणि मऊ करडी राख उरते, ती बोटांनी चुरली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळसर धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टोकाला टणक काळा मणी राहतो. नखाने फुटत नाही असा. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं, राखही आणि कडक खडाही. मणी पूर्ण निवल्याशिवाय हात लावू नका, वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं. मुलांना हे दाखवायचं असेल तर चिमटा मोठ्यांच्याच हातात हवा.

मिश्र कापड टाकाऊ आहे असं मात्र नाही. ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कॉटन असेल तर पॉलिएस्टरचे धागे रंग धरतात, कॉटनचे सोडून देतात, आणि चित्राला जुन्या, थोड्या उडालेल्या छपाईची छटा येते. ती हवी असेल तर जरूर वापरा. फक्त गिऱ्हाइकाला आधीच धुतलेला नमुना दाखवा. गडद कापडाचं काय, हेही नेहमी विचारलं जातं. या शाईत पांढरा रंग नसतोच. चित्रातला पांढरा म्हणजे खालच्या कापडाचा पांढरा, त्यामुळे काळ्या शर्टवर काहीही दिसणार नाही आणि पिवळ्या शर्टवर निळं चित्र हिरवट होईल. गडद कॉटनवरच काम करायचं असेल तर हीट ट्रान्सफर व्हाइनिल (आकार कापून उष्णतेने चिकटवायचा रंगीत पापुद्रा) किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून चित्र उष्णतेने कापडावर चिकटवणं) हे मार्ग आहेत. त्या वेगळ्या कला आहेत आणि त्यांची शाई-साधनं वेगळी आहेत.

प्रिंटर नसताना शिकायचं कसं? सब्लिमेशनच्या रंगाचे मार्कर पेन मिळतात. साध्या कागदावर चित्र काढा, पॉलिएस्टरच्या तुकड्यावर उलटं ठेवा आणि दाबा. अक्षरं असतील तर ती आरशात दिसतात तशी उलटी लिहायची, हा धडा तिथेच मिळतो आणि तोही कागदाच्या कपट्यावर मिळतो. किंवा ज्याच्याकडे सब्लिमेशनचा प्रिंटर आहे त्याच्याकडून आपल्या चित्राचे कागद छापून घ्या. चांगल्या कागदावरचा छापा कोरडा ठेवला तर बरेच दिवस टिकतो. अशा कागदांवर महिना-दोन महिने काम केल्यावर आपल्याला कपडे छापायचेत की मग की पाट्या, केवढ्या आकाराचं छापायचंय, हे आपोआप ठरतं. त्यावरच प्रिंटर ए-फोर हवा की ए-थ्री हे अवलंबून असतं. आधी यंत्र घेणाऱ्याला हे नंतर कळतं.

प्रेस मात्र पहिल्या दिवसापासून बरा हवा. टी-शर्टसाठी साधारण १९०-२०० अंश, ४५ ते ६० सेकंद आणि मध्यम दाब, अशी सुरुवात बहुतेक ठिकाणी चालते. घरच्या इस्त्रीला या तिन्हींपैकी काहीच नीट साधत नाही. तिचं तापमान सतत वरखाली होत असतं, तळाला वाफेची भोकं असतात आणि तिथे रंग कमी उतरून चित्रात ठिपके राहतात. हात हलला की कागदही हलतो. शिवाय मोठं चित्र एका दाबात मावत नाही, मग सांधा दिसतो. कपाटाच्या लेबलाएवढी छोटी चित्रं इस्त्रीने निघतात, त्यापुढे नाही.

आणि प्रेसच्या आकडे दाखवणाऱ्या डबीवर २०० लिहून आलं म्हणजे पत्रा सगळीकडे २०० असतो असंही धरू नका. मध्ये बरोबर आणि कोपऱ्यांत कमी, हे फार वेळा दिसतं. ताप दाखवणाऱ्या रंग बदलत्या पट्ट्या मिळतात, त्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवून एकदा दाबून बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर पुष्कळ जण वापरतात. काळपट मुलामा असलेल्या पत्र्यावर तो ठीक चालतो, पण उघड्या चकचकीत धातूवर प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. तो आकडा बघून माणूस ताप वाढवत जातो आणि कापड करपतं. मोठ्या प्रेसला १४०० ते १८०० वॅट वीज लागते. तो भिंतीतल्या मोठ्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटवरच लावा, लांबवलेल्या वायरीच्या बोर्डावर नको.

आता प्रत्यक्ष दाबण्याआधीची दोन कामं. घाईत असलेला माणूस नेमकी हीच सोडतो. एक म्हणजे कापड छपाईआधी ५ ते १० सेकंद नुसतंच दाबून घ्यायचं. कापडात आणि कागदात दमट हवेतला ओलावा असतो, तो वाफ होऊन निघून जाऊ द्यायचा, नाही तर चित्रात फिकट डाग पडतात. उरलेले कागद पाकिटात बंद ठेवायचे तेही यासाठीच. दुसरं, चिकट रोलर फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा एखादा तंतू कागदाखाली राहिला तर तोही रंग घेतो आणि पांढऱ्या शर्टवर निळा ठिपका उमटतो. तो परत निघत नाही. शिकायला येणाऱ्यांना मी एकाच शर्टच्या डाव्या बाजूला रोलर फिरवायला लावते, उजवी तशीच सोडते आणि मग दोन्ही बाजू खिडकीच्या उजेडात नेऊन बघायला सांगते. एवढं केलं की पुढे रोलरची आठवण करून द्यावी लागत नाही.

कागदाचा मुलामा असलेला भाग कोणता हे कळत नसेल तर कोपऱ्याला ओलं बोट लावा. जो किंचित चिकट लागतो तो छपाईचा. छापलेल्या कागदावरचे रंग विझलेले, करडेच दिसतात आणि नवा माणूस ते बघून हिरमुसतो. काळा राखाडी, लाल विटकरी, निळा मातकट. दाबल्यावर कागद उचलला की खाली तोच लाल झळझळीत निघतो. रंगाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या मलाही तो कागद उचलताना दर वेळी उत्सुकता असते.

उचलण्यातही कसब आहे. प्रेस उघडताना रंगाचा वायू अजून निघतच असतो. त्या वेळी कागद जरा सरकला तर चित्राच्या शेजारी त्याची फिकट सावली पडते, तिला घोस्टिंग म्हणतात. उष्णता सोसणाऱ्या टेपने कागद दोन-तीन ठिकाणी धरून ठेवायचा, झाकण हळू उघडायचं, आणि कागद एका बाजूने एका दमात उचलायचा. कागदाची कात्रीने कापलेली सरळ कड पॉलिएस्टरवर चकाकती रेघ सोडते, कारण त्या तापात कापड मऊ झालेलं असतं. कड हाताने फाडून घेतली तर ती कागदात विरत जाते आणि रेघ पडत नाही. कॉलर, शिवण, बटण पत्र्याखाली आलं तर दाब तिथेच अडतो. आत फोमची छोटी उशी सरकवून चित्राचा भाग तेवढा वर घ्यावा. चित्राच्या वर आणि शर्टच्या आत कोरा कागद घालायचा आणि तो दर वेळी नवा घ्यायचा. पुन्हा पुन्हा वापरलेली टेफ्लॉन शीट मागच्या चित्राचा रंग पुढच्या शर्टवर उतरवते.

एका गोष्टीचा मी हट्टच धरते, ती म्हणजे वही. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक शेडचा तुकडा चिकटवून शेजारी ताप, वेळ, रंगाचं प्रमाण लिहीत असू. घरीही तसंच करायचं. काळा, लाल, निळा, पिवळा आणि कातडीचा रंग असे छोटे चौकोन एका पट्टीवर छापून घ्या. तीच पट्टी एकाच कापडाच्या तुकड्यांवर १९०, १९५ आणि २०० अंशांना दाबा. नंतर ताप तोच ठेवून ४५, ६० आणि ७५ सेकंदांना दाबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुकड्यावर पेनाने आकडे लिहून वहीत चिकटवा. काळा तपकिरी किंवा हिरवट का दिसतोय याचं उत्तर त्या पानावर सापडतं. शाईतले वेगवेगळे रंग एकाच वेगाने उडत नाहीत. ताप किंवा वेळ कमी पडला तर काही रंग पूर्ण उतरतात, काही मागे राहतात आणि काळ्याचा तोल जातो. फार वेळ दाबलं तर रंग कापडातून पुन्हा उडू लागतो, कडा पसरतात. कापड बदललं की पान नवं.

मगबद्दल मोजकंच लिहिते. घरातला कोणताही पांढरा मग चालत नाही. त्यावर पॉलिमरचा मुलामा असावा लागतो, कारण चिनी मातीत हा रंग शिरतच नाही. मुलामा असलेला मग १९०-२०० अंशांना साधारण ३ ते ४ मिनिटं घेतो. कागद इतका ताणून लावायचा की खाली हवा राहू नये. वरची कड आणि दांड्याजवळचा भाग फिकट येतो, कारण मगाभोवती आवळायच्या तापत्या पट्ट्याची उष्णता तिथे पुरत नाही. चित्र तिथपर्यंत नेऊच नये. ओठ लागतात ती कड आणि आतला भाग कोरा ठेवावा. छापलेला गरम मग पाण्यात बुडवू नका, तडकू शकतो. ॲल्युमिनियमच्या पाट्यांवर एक पारदर्शक संरक्षक पापुद्रा असतो, तो आधी सोलून काढायचा. तो दिसत नाही म्हणून राहून जातो आणि वितळून पाटीवर बसतो.

मग छापायचा म्हटलं की अनेकांना ओव्हन आठवतो. त्याबद्दल आपल्या लेखातला सल्ला मागे घ्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रंगाचा वायू होतो हीच तर या छपाईची रीत आहे, आणि तो सगळाच्या सगळा मगात जात नाही. थोडा ओव्हनच्या भिंतींवर बसतो आणि पुढच्या वेळी तिथून पुन्हा उडतो. ज्यात खायचं शिजतं त्या ओव्हनमध्ये हे काम करायचं नाही, एकदाही नाही. या कामासाठी वेगळा ठेवलेला ओव्हन असेल तर गोष्ट निराळी. पण तोही स्वयंपाकघराबाहेर आणि उघड्या खिडकीशी हवा. प्रेससुद्धा हवा खेळती असलेल्या खोलीत ठेवावा.

रंगाविषयी आणखी एक गोष्ट, विशेषतः लहान मुलांचे कपडे छापणाऱ्यांसाठी. डिस्पर्स रंगांपैकी काहींची त्वचेला ॲलर्जी होते, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ ही त्यातली नेहमी घेतली जाणारी नावं. सगळ्या शायांमध्ये ते असतात असं मी म्हणत नाही. पण बाटलीबरोबर सुरक्षेची माहितीपत्रिका मागावी, आणि ती न देणाऱ्याची शाई तान्ह्या बाळाच्या अंगाला लागेल अशा कपड्यावर वापरू नये. शाई हाताळताना हातमोजे घालावेत.

हे सगळं जमू लागलं की मग प्रिंटर. शाई क्षणभर उकळवून थेंब फेकणारे इंकजेट या कामाला चालत नाहीत. पीझो पद्धतीचं हेड लागतं, जसं एप्सनच्या प्रिंटरांना असतं, कारण ते शाई न तापवता दाबाने थेंब सोडतं. खास सब्लिमेशनसाठी बनवलेले प्रिंटर मिळतात. साधा टाकीचा प्रिंटर नवा घेऊन त्यात पहिल्यापासून सब्लिमेशनची शाई भरणारेही पुष्कळ आहेत, पण त्यात वॉरंटी जाते, हे माहीत असूनच तो मार्ग धरावा. ज्यात साधी शाई एकदा भरली आहे तो प्रिंटर वापरू नये. आणि सब्लिमेशनची शाई भरलेल्या प्रिंटरवर पुढे घरची कागदपत्रं छापायची अपेक्षा ठेवू नये. शाई, कागद आणि प्रिंटर या तिघांना जुळणारी आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग बरोबर यावेत म्हणून संगणकात घालायची फाइल, शाईवाल्याकडून मागून घ्या. तिच्याशिवाय चेहऱ्यांचे रंग बरोबर येत नाहीत. शाईतले कण तळाशी बसतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा नमुना) काढावा आणि एखादं रंगीत पान छापावं. वापराविना पडून राहिलेला प्रिंटर तुंबतो. प्रिंटर शेवटी घ्या म्हणते त्याचं हेही एक कारण आहे. शिकण्याच्या काळात तो बराचसा पडूनच असतो.

छापलेला कपडा विकणाऱ्याने किंवा भेट देणाऱ्याने सोबत चार ओळी लिहून द्याव्यात. उलटा करून धुवा, उलट बाजूने मंद इस्त्री करा, चित्रावर गरम इस्त्री फिरवू नका, कडक उन्हात दिवसेंदिवस टांगू नका. जो रंग उष्णतेने आत गेला तो तेवढ्याच उष्णतेने बाहेरही येतो. प्रेसमधून निघालेले गरम शर्ट एकावर एक रचून ठेवले तरी वरच्याचं चित्र खालच्यावर उतरतं. शिवाय कुणाचा फोटो छापताना त्या माणसाची परवानगी घ्यावी आणि दुसऱ्या चित्रकाराचं काम न विचारता उचलू नये. घरी केलं तरी हे कलाकाराचंच काम आहे.

संपादक महोदय, माझ्या तीन विनंत्या आहेत. ओव्हनविषयीची दुरुस्ती येत्या अंकातच छापावी. पुढच्या लेखात यंत्रांच्या आधी कापडाची माहिती यावी. आणि टी-शर्ट, मग, पाट्या विकणाऱ्यांनी पॉलिएस्टरचं प्रमाण किंवा मुलामा आहे की नाही हे वस्तूवर ठळक लिहावं, यासाठी आपण आपल्या स्तंभातून पाठपुरावा करावा. माझ्या वहीतल्या ताप आणि वेळेच्या तक्त्याची प्रत पत्रासोबत जोडली आहे. त्यातले आकडे माझ्या प्रेसचे आहेत, म्हणून तक्त्याखाली कोऱ्या रकान्यांची एक प्रतही ठेवली आहे. जागा असेल तर कोरी प्रतच छापावी, म्हणजे वाचकांना ती कापून आपल्या वहीत चिकटवता येईल आणि स्वतःचे आकडे भरता येतील.

कळावे,
आपली नम्र,
कापड-रंगाईच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे)